सामुदायिक व्यायामाचा शिक्षक : व्यवसाय म्हणून एक विचार

कला शाखेतून पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षी सर्वांत अधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "पुढे काय?" हा होय. त्याची उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. स्पर्धा परीक्षा, बी. एड., नाहीतर गावाकडची शेती. या यादीत आणखी एका नावाची भर घालता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ते नाव म्हणजे सामुदायिक व्यायामवर्गाचा शिक्षक. हा विचार माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. गेली दोन वर्षे मी नांदेडला पहाटेच्या एका महिला व्यायामवर्गात प्रथम मदतनीस म्हणून आणि आता शिक्षिका म्हणून उभी राहते. हेच काम पुढे लातूरला जाऊन स्वतंत्रपणे करावे की नाही, हे मला या वर्षअखेर ठरवायचे आहे. म्हणून जे वाचले, पाहिले आणि करून पाहिले, ते क्रमाने मांडते.

हा शिक्षक कोण?

तालमीतील वस्ताद, व्यायामशाळेतील मार्गदर्शक आणि सामुदायिक वर्गाचा शिक्षक या तिघांत फरक आहे. वस्तादापुढे दहा-पंधरा पठ्ठे असतात. त्यांचे वय साधारण सारखे, ध्येय एक, आणि वस्ताद प्रत्येकाला हाताने धरून डाव शिकवितो. आधुनिक व्यायामशाळेत यंत्रे असतात आणि मार्गदर्शक एकेकाकडे पाहतो. सामुदायिक वर्गात मात्र एकाच वेळी वीस ते चाळीस माणसे समोर उभी असतात. त्यांत एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी असते, बाळंतपणानंतर वजन वाढलेली गृहिणी असते आणि गुडघे दुखणाऱ्या आजीही असतात. या सर्वांना एका आवाजात, एका ठेक्यावर, तरीही ज्याला जेवढे झेपेल तेवढे करावयास लावणे ही या शिक्षकाची खरी विद्या होय. स्वतः उत्तम व्यायाम करता येणे ही त्या विद्येची केवळ पहिली पायरी आहे.

आपली परंपरा

हा व्यवसाय परदेशातून आयात झाला, असा पुष्कळांचा समज आहे. तो अर्धाच खरा आहे. स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ साली स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षकांची संस्था काढली आणि समूहाला आज्ञेवर व्यायाम देण्याची पद्धत युरोपभर पसरली. अमेरिकेत डॉ. केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स' हे पुस्तक १९६८ साली निघाले. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी व्यायामाला नृत्याची जोड दिली. आज आपल्या शहरांत ठिकठिकाणी पाटी दिसते तो 'झुंबा' कोलंबियातील बेटो पेरेझ यांनी १९९० नंतरच्या दशकात सुरू केला.

परंतु आपल्याकडेही समांतर प्रवाह होता. बडोद्याचे राजरत्न माणिकराव यांनी जुम्मादादा व्यायाममंदिरात देशी व्यायामाला सामुदायिक रूप दिले आणि कवायतीच्या आज्ञा देशी भाषेत घडविल्या. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेले एक तरुण पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. योगासने ही एकांतातील साधना आहे, हे मान्य करूनही ती शाळेच्या मैदानावर शंभर मुलांना कशी देता येतील, याचा त्यांनी विचार केला. 'यौगिक संघ व्यायाम' ही त्यांची १९३६ सालची पुस्तिका त्याच विचाराचे फळ होय.

विदर्भात अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची आणि व्यायामाची प्रात्यक्षिके दाखविली. १९४९ साली स्टॉकहोमच्या लिंगियाड महोत्सवातही मंडळाचे पथक गेले होते. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ सुरू केले. मुंबई इलाख्यात १९३८ साली कांदिवली येथे शारीरिक शिक्षणाची शासकीय प्रशिक्षण संस्था निघाली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातील शाळाशाळांत नेले. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी तर व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. एवढी सामग्री मराठीत असताना आपण स्वतःला या क्षेत्रातले नवखे समजावे, याचे नवल वाटते.

मराठवाड्याची गोष्ट थोडी निराळी आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राजवटीत होता. त्या काळी व्यायामाचे आखाडे हे केवळ अंग कमावण्याचे ठिकाण नव्हते. उदगीर भागात आर्य समाजाच्या कार्यकर्त्यांनी तरुणांना एकत्र आणले ते पुष्कळदा अशाच निमित्ताने, आणि म्हणूनच राजवटीची त्यांच्यावर करडी नजर असे. नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या वास्तव्यामुळे पवित्र झालेल्या सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात गतक्याचे खेळ आजही पाहावयास मिळतात. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे मल्ल हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव तर घरोघरी माहीत आहे. त्यांनी कुस्तीतून निवृत्त झाल्यावर पुण्याच्या तालमीत पुढची पिढी घडविली, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. २१ जून २०१९ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनाचा राज्यस्तरीय कार्यक्रम नांदेडला झाला, तेव्हा एका मैदानावर केवढा समुदाय एकाच आज्ञेवर हालचाल करू शकतो, हे शहराने पाहिले. मात्र तो एका दिवसाचा सोहळा होता. उरलेल्या ३६४ दिवसांसाठी गल्लोगल्ली शिक्षक लागतात.

एका तासाची रचना

वर्ग चांगला झाला की नाही हे त्याच्या रचनेवर ठरते. साठ मिनिटांचे चार भाग करावेत. पहिली आठ-दहा मिनिटे अंग सैल करण्याची : जागच्या जागी चालणे, खांदे-घोटे-कंबर यांच्या हलक्या हालचाली. स्नायू गरम होतात, सांध्यांना सवड मिळते आणि हृदयाची गती एकदम न चढता हळूहळू चढते. पुढची वीस-पंचवीस मिनिटे दम लागणाऱ्या व्यायामाची. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे ताकदीची : बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. शेवटची दहा मिनिटे अंग ताणण्याची आणि श्वास शांत करण्याची. हा शेवटचा भाग घाईत गाळला जातो; तसे करू नये. जोरात हालणारा माणूस एकदम थांबला, तर पायांत उतरलेले रक्त वर यायला वेळ लागतो आणि चक्कर येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आणि किमान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची शिफारस केली आहे. आठवड्यातून पाच दिवस वर्गाला येणारी व्यक्ती हे प्रमाण सहज गाठते. नव्या सभासदाला हा हिशेब समजावून सांगितला की ती "किती किलो कमी होईल?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवते.

श्रम किती व्हावेत हे मोजण्याचे एक जुने गणित आहे. २२० मधून वय वजा करावे, म्हणजे नाडीच्या कमाल गतीचा अंदाज येतो. ४५ वर्षांच्या बाईसाठी तो १७५ येतो. त्याच्या ६० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला सुमारे १०५ ते १२२ ठोके, ही मध्यम श्रमाची पातळी समजावी. परंतु रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद होते. तेथे हे गणित फसते. त्यापेक्षा बोलण्याची कसोटी बरी. व्यायाम करताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर श्रम मध्यम आहेत. वाक्य पुरे करता येत नसेल तर गती कमी करावी.

आज्ञा, ठेका आणि आरसा

राष्ट्रीय छात्र सेनेत असलेल्या मित्रांना "दाहिने — मुड" ही आज्ञा ठाऊक आहे. तिचे दोन भाग आहेत. पहिल्या भागाने मनाला सूचना मिळते, मध्ये क्षणभर विराम असतो आणि दुसऱ्या शब्दावर शरीर हलते. व्यायामवर्गातही हेच तत्त्व आहे. ठेका आठ-आठ मात्रांचा असतो. पुढची हालचाल कोणती, हे आठाव्या मात्रेवर सांगून उपयोग नाही. पाचव्या-सहाव्या मात्रेवर सांगावे, म्हणजे पहिल्या मात्रेवर सगळा वर्ग एकदम वळतो. लेझीम खेळलेल्यांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. हलगीचा ठेका बदलण्याआधीच त्यांचे पाय जागे होतात. आपल्या भागातील मुलांना या व्यवसायासाठी हे उपजत भांडवलच आहे, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट आरशाची. शिक्षक वर्गाकडे तोंड करून उभा असतो. त्याने "उजवा हात" म्हणावे आणि स्वतः डावा उचलावा, म्हणजे समोरच्यांना आरशात पाहिल्यासारखे दिसते. ऐकायला सोपे वाटते, पण तोंडाने एक आणि हाताने दुसरे, शिवाय मात्रा मोजणे आणि तिसऱ्या रांगेतील कोणाचा गुडघा आत वळतो आहे इकडे लक्ष ठेवणे, हे एकत्र साधायला काही महिने घरच्या भिंतीसमोर सराव करावा लागतो.

तिसरी गोष्ट पर्यायांची. प्रत्येक हालचालीचे तीन प्रकार तयार हवेत : सोपा, मधला आणि कठीण. एकदा उड्यांचा व्यायाम चालू असताना मागच्या रांगेतून एक काकू म्हणाल्या, "ताई, तुमचं वय उडायचं हाय. आमचे गुडघे कुरकुरतेत." सगळा वर्ग हसला. त्यांच्यासाठी उडीऐवजी पाऊल बाजूला टाकण्याचा प्रकार ठरलेलाच होता. तो मी करून दाखविला, तेव्हा त्यांच्याबरोबर आणखी सहाजणींनी तोच निवडला. लक्षात आले की त्या सहाजणी इतके दिवस मुकाट्याने दुखणे सोसत होत्या. म्हणून आता सोपा प्रकार मी नेहमी आधी दाखविते आणि कठीण नंतर. सोपे करणाऱ्याला कमीपणा वाटू नये, हे शिक्षकाच्या क्रमावर अवलंबून असते.

सुरक्षितता

नवीन माणूस वर्गात उभा करण्यापूर्वी त्याला काही प्रश्न विचारावेत. कॅनडात तयार झालेली सात प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. हृदयाचा त्रास आहे का, श्रमाने छातीत दुखते का, चक्कर येते का, हाडा-सांध्यांचे दुखणे आहे का, रक्तदाबाचे औषध चालू आहे का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावयास सांगावे. गावाकडच्या बाया आजार चटकन सांगत नाहीत. चारचौघींत न विचारता बाजूला घेऊन विचारले, तर सांगतात.

मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पहाटे येणाऱ्यांची साखर व्यायामाने एकदम खाली जाऊ शकते. हात कापणे, गार घाम, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. शिक्षकाच्या पिशवीत साखरेची पुडी असलीच पाहिजे. हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब कसे द्यावेत, हे प्रत्यक्ष शिकून घ्यावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कोण बोलावील हे आधीच ठरवून ठेवावे.

मराठवाड्यात आणखी एक परीक्षा असते ती उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत वर्ग पहाटे साडेपाचला सुरू करून सातच्या आत संपवावा, दम लागणारा भाग आखूड करावा आणि मध्ये दोनदा पाणी प्यायला थांबावे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. जेथे घागरीवर घर चालते, तेथे "रोज घाम गाळा आणि आंघोळ करा" असे सांगणाऱ्या शिक्षकाला परिस्थितीचे भान हवे. टंचाईच्या दिवसांत आसने, ताणाचे आणि श्वासाचे व्यायाम वाढवावेत. वर्ग बंद करू नये.

शिक्षण कोठे घ्यावे?

व्यायामवर्ग काढण्यासाठी डॉक्टरांप्रमाणे नोंदणी सक्तीची नाही. यामुळे कोणीही उठून वर्ग काढू शकतो आणि हाच या व्यवसायातील मोठा धोका आहे. ज्याला हे काम आयुष्यभर करायचे आहे, त्याने रीतसर शिक्षण घ्यावे. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला, गुणांची आणि खेळातील सहभागाची अट पूर्ण केल्यास, प्रवेश परीक्षेद्वारे दोन वर्षांच्या बी. पी. एड. अभ्यासक्रमाला जाता येते. तेथे शरीररचना, शरीरक्रिया, अध्यापन आणि प्रत्यक्ष पाठ हे सर्व शिकावयास मिळते. पुढे एम. पी. एड. आणि नेट अथवा सेट उत्तीर्ण झाल्यास महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकपदासाठी अर्ज करता येतो. पण अशा जागा पदवीधरांच्या मानाने थोड्या आहेत.

योगाकडे ओढा असलेल्यांसाठी आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाच्या परीक्षा आहेत. हे मंडळ २०१८ साली स्थापन झाले आणि त्याची प्रमाणपत्रे पायरीपायरीने घेता येतात. केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेतही क्रीडा आणि तंदुरुस्तीसाठी स्वतंत्र कौशल्य परिषद आहे. झुंबासारख्या प्रकारांचे परवाने त्या त्या कंपन्या देतात. ते थोड्या दिवसांत मिळतात आणि त्यांची वर्गणी भरत राहावी लागते. माझ्या मते शरीरशास्त्राचा पाया आधी आणि झुंबाचा परवाना नंतर, हा क्रम असावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली सहा महिने मागच्या रांगेत उभे राहावे. तेथून जे दिसते ते पुस्तकात नसते.

पोटापाण्याचा हिशेब

आता व्यवहाराकडे वळू. उदाहरणादाखल धरू की एका वर्गात २५ सभासद आहेत आणि महिन्याची फी ४०० रुपये आहे. जमा १०,००० रुपये. सभागृहाचे भाडे २,५०० आणि सतरंज्या, ध्वनिक्षेपक वगैरेंचा खर्च ५०० धरला, तर हाती ७,००० राहतात. परंतु हा हिशेब बाराही महिने टिकत नाही. लग्नसराई, मुलांच्या परीक्षा, दिवाळी आणि पेरणीचे दिवस यांत हजेरी निम्म्यावर येते. भाडे मात्र निम्मे होत नाही. आठ महिने पूर्ण आणि चार महिने निम्मी हजेरी धरली तर वर्षाचे ६४,००० रुपये होतात. असे तीन वर्ग, दोन सकाळी आणि एक संध्याकाळी चालविले, तर १,९२,००० रुपये. म्हणजे महिन्याला सरासरी १६,०००. ही रक्कम श्रीमंतीची नाही, पण ती पहिल्या दिवसापासून मिळेल असेही कोणी समजू नये. पहिले वर्ष पाच-सात सभासदांवरच काढण्याची तयारी हवी. म्हणून सुरुवातीस जोडीला शिकवणी किंवा अन्य काम असावे. फी तीन महिन्यांची एकदम घेतल्यास आवक स्थिर राहते. चित्रपटगीते व्यवसायासाठी वाजवायची तर त्याचा परवाना लागतो, हेही खर्चात धरावे.

प्रतिष्ठेचा प्रश्न

मुलींच्या बाबतीत हिशेबापेक्षा अवघड प्रश्न वेगळाच असतो. आमच्या घरी अण्णांनी पहिल्यांदा ऐकले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "पोरीनं चारचौघांत नाचून दाखवायचं, याला धंदा म्हणत्यात का?" त्यांना उलट उत्तर देणे सोपे होते, पण त्यात काही हशील नव्हते. त्यांच्या बोलण्यामागे राग नव्हता, लोक काय म्हणतील ही धास्ती होती. मी आईला एक आठवडा नांदेडला नेऊन वर्गात बसविले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून रांगेत उभी राहिली, लुगड्याचा पदर खोचून. तिने घरी जाऊन काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मात्र त्यानंतर अण्णांनी विचारले ते भाड्याविषयी आणि जागेच्या सुरक्षिततेविषयी. प्रश्न बदलला, याला मी मोठी प्रगती मानते.

यात एक सामाजिक बाजूही आहे. आपल्या शहरांत पुरुषांना तालीम आहे, मैदान आहे, पहाटेचा रस्ता आहे. विवाहित बाईला घराबाहेर पडून तासभर स्वतःच्या शरीराकडे पाहण्याची जागा जवळजवळ नाही. अनेक घरांतून तिला परवानगी मिळते ती शिकविणारी बाई असेल तरच. म्हणजे स्त्री-शिक्षिका ही येथे केवळ सोय नसून अट आहे. या एका कारणासाठीसुद्धा कला शाखेतील विद्यार्थिनींनी या क्षेत्राचा गंभीरपणे विचार करावा. मराठी, मानसशास्त्र, समाजशास्त्र हे विषय शिकलेल्या मुलीला माणसांशी बोलता येते, आणि या व्यवसायात निम्मे काम बोलण्याचेच आहे.

समारोप

सारांश असा की सामुदायिक व्यायामाचे शिक्षकपद हा झटपट पैशाचा मार्ग नाही, तसेच ते कमी प्रतीचे कामही नाही. त्याला शरीरशास्त्राचा अभ्यास लागतो, ठेक्याचा कान लागतो, व्यवहाराचे भान लागते आणि दुसऱ्याच्या दुखण्याकडे पाहणारी दृष्टी लागते. ज्या मित्रमैत्रिणींना हे करून पाहावेसे वाटते, त्यांनी महाविद्यालयाच्या मैदानावरच आरंभ करावा. आठवड्यातून तीन दिवस, दहा विद्यार्थी आणि चाळीस मिनिटे एवढे पुरे आहे. शारीरिक शिक्षण विभागाच्या सरांनी मागे उभे राहून पाहावे आणि चुका सांगाव्यात, अशी त्यांना विनंती करावी. एका सत्राच्या अखेरीस त्या दहांपैकी सात जण अजून येत असतील, तर आपल्या अंगी हा गुण आहे असे खुशाल समजावे. आपल्याकडे चांगल्या पैलवानांची आणि खेळाडूंची वाण कधीच नव्हती. वाण आहे ती सामान्य माणसाला, थकलेल्याला आणि लाजणाऱ्याला रोज हाक मारून रांगेत उभे करणाऱ्यांची.